हाउसिंग बेनिफिट परत मागणारं काउन्सिलचं पत्र: ६,४७६ पाउंड ६० पेन्स. आधी काय करावं?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. ओळखीतल्या एका ज्येष्ठ जोडप्यासाठी विचारते आहे. काका-काकू दोघंही सत्तरीपुढचे, ब्रिटिश नागरिक, इंग्लंडमध्ये हाउसिंग असोसिएशनच्या घरात भाड्याने राहतात. पेन्शन क्रेडिटचा (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी भर) गॅरंटी भाग मिळतो, त्यामुळे भाडं सगळं हाउसिंग बेनिफिटमधून (भाड्यासाठी काउन्सिलतर्फे मिळणारी मदत) जात होतं. १ एप्रिल २०२४ ला त्यांचा मुलगा (वय ३४) त्यांच्याकडे राहायला आला. तो नोकरी करतो, आठवड्याला ३७ तास, महिन्याचा ढोबळ पगार साधारण १,७७७ पाउंड. काकूंना ६ जानेवारी २०२५ पासून अटेंडन्स अलाउन्स (देखभालीची गरज असलेल्या ज्येष्ठांचा भत्ता) सुरू झाला आहे.

आता काउन्सिलचं १२ मे २०२५ तारखेचं पत्र आलं आहे. त्यात म्हटलंय की १ एप्रिल २०२४ ते ३० मार्च २०२५ या ५२ आठवड्यांत नॉन-डिपेंडंट (अर्जदारावर अवलंबून नसलेला घरातला प्रौढ) घरात असूनही कळवलं नाही, म्हणून आठवड्याला १२४.५५ पाउंडप्रमाणे ६,४७६.६० पाउंड जास्त दिले गेले, ते परत करा. काकांनी मुलगा आल्याचं पेन्शन सर्व्हिसला (डीडब्ल्यूपी या केंद्रीय खात्याचा पेन्शन विभाग) फोनवर सांगितलं होतं, काउन्सिलला वेगळं कळवलं नव्हतं.

काकांचं म्हणणं, फोन करून महिन्याला ५० पाउंडांचा हप्ता ठरवून टाकू, कटकट नको. मुलाचं म्हणणं, मी भरतो. मला दोन्ही पटत नाहीये. रक्कम बरोबर आहे का, आणि दाद कुठे मागायची?

टाचणी

रक्कम बरोबर नाही. चूक कोणाची हा वाद नंतर घालू. त्याआधी नुसता हिशेबच तीन ठिकाणी चुकलेला दिसतो आहे.

पहिली गोष्ट, १२४.५५ हा आकडा. २०२४-२५ मध्ये नॉन-डिपेंडंटच्या कपातीचा (तो भाड्यात वाटा देतो असं धरून बेनिफिट कमी करतात) तो सगळ्यात वरचा दर होता, आठवड्याला ५५४ पाउंड किंवा जास्त ढोबळ कमाई असणाऱ्यासाठी. मुलाचा पगार किती हे काउन्सिलला माहीत नसलं की ती सरळ हाच दर लावते. १,७७७ गुणिले १२ भागिले ५२ केलं की आठवड्याचे साधारण ४१० येतात. ३३४ ते ४४४.९९ या टप्प्याला त्या वर्षी ९९.६५ पाउंड कपात होती. म्हणजे पेस्लिप दाखवल्याबरोबर आठवड्याला २४.९० पाउंड कमी होतात. ओव्हरटाइम मिळत असेल तर सरासरी नीट काढा, कारण महिन्याचा ढोबळ पगार १,९२८ च्या वर गेला की पुढचा टप्पा लागतो, ११३.५० चा. हिशेब ढोबळ पगारावरच होतो, हातात पडणाऱ्यावर नाही. आणि एखाद्या काळात तो १६ तासांहून कमी काम करत असेल, किंवा आजारी रजेवर असेल, तर त्या आठवड्यांना सगळ्यात खालचा दर, १९.३०.

दुसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि पत्र पाठवणारे ती हमखास विसरतात. पेन्शनच्या वयातल्या लोकांसाठी हाउसिंग बेनिफिटचे नियम वेगळे आहेत (२००६ चेच, पण स्वतंत्र संच). त्यातल्या ५९ व्या नियमाप्रमाणे अर्जदार किंवा जोडीदार ६५ च्या पुढे असेल आणि घरात नॉन-डिपेंडंट नव्याने राहायला आला, तर कपात लगेच सुरू होत नाही. २६ आठवड्यांनी सुरू होते. मुलगा १ एप्रिल २०२४ ला आला, म्हणजे कपात ३० सप्टेंबर २०२४ पासून. पहिल्या २६ आठवड्यांचं ओव्हरपेमेंट शून्य. एवढ्यानेच मागणीतले ३,२३८.३० पाउंड गेले.

तिसरी, अटेंडन्स अलाउन्स. अर्जदार किंवा जोडीदाराला तो मिळत असेल तर कुठल्याही नॉन-डिपेंडंटची कपात होतच नाही. ६ जानेवारी २०२५ पासून पुढे पुन्हा शून्य.

राहिले ३० सप्टेंबर ते ५ जानेवारी, म्हणजे १४ आठवडे. १४ गुणिले ९९.६५ बरोबर १,३९५.१० पाउंड. मागणी ६,४७६.६० ची, आणि खरं देणं फार तर एवढं. ३१ मार्च २०२५ नंतरच्या बेनिफिटमधूनही ते कपात करत असतील तर तीही चूक आहे. अटेंडन्स अलाउन्स चालू असल्यामुळे ती थांबवून परत घ्यायला हवी.

जुनी_फाइल

टाचणीताईंचा हिशेब चोख आहे, त्यात काही घालायचं नाही. मी पद्धतीबद्दल लिहितो.

अपिलाची मुदत एक कॅलेंडर महिना, आणि तो पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. १२ मेच्या पत्राला १२ जूनपर्यंत. त्या तारखेला काउन्सिलच्या कार्यालयात पत्र पोचलेलं असलं पाहिजे, पोस्टात टाकलेलं नव्हे. ईमेल किंवा काउन्सिलच्या संकेतस्थळावरचा अपिलाचा फॉर्म असेल तर तोच वापरा, म्हणजे पोच मिळते.

बाकीच्या बेनिफिटांत आधी 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' (सक्तीचा फेरविचार) मागावं लागतं आणि मग थेट ट्रिब्युनलकडे (स्वतंत्र न्यायाधिकरण) अपील जातं. हाउसिंग बेनिफिटमध्ये तसं नाही. इथे अपील काउन्सिललाच पाठवायचं. काउन्सिल निर्णय पुन्हा तपासते, बदलला नाही तर फाइल फर्स्ट-टिअर ट्रिब्युनलकडे पाठवणं तिचं काम. 'फेरविचार करा' एवढंच लिहिलंत तर फक्त फेरविचार होतो, आणि उत्तर नकारार्थी आलं की पुन्हा महिनाभराच्या आत अपील करावं लागतं. म्हणून सरळ लिहावं: मी अपील करतो आहे, आणि फाइल पुढे पाठवण्याआधी निर्णय बदलून द्यावा.

अपील दोन निर्णयांवर करायचं, हे बहुतेक जण विसरतात. ओव्हरपेमेंटच्या पत्रामागे दोन निर्णय असतात: एक, अमुक तारखेपासून तुमचा हक्क इतकाच होता हा, दुसरा, म्हणून इतके पैसे जास्त गेले आणि ते वसूल करता येतात हा. दोन्ही पत्रं कधी वेगवेगळ्या दिवशी येतात. हक्काच्या निर्णयाला हात न लावता नुसतं 'वसुली अन्यायाची आहे' असं लिहिलं तर १२४.५५ चा दर आणि १ एप्रिल ही तारीख दोन्ही तशीच राहतात. गोव्याच्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या मंडळींना, स्विंडनकडे ती बरीच आहेत, याचा फटका वेगळ्या रीतीने बसतो: प्री-सेटल्ड स्टेटसवर (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना मिळालेला तात्पुरता राहण्याचा दर्जा) बेनिफिट घेताना निवासाचा हक्क नव्हता असा निर्णय मागच्या तारखेपासून येतो. तिथे तर लढाई सगळी पहिल्या निर्णयाचीच असते.

पत्रात काय असलंच पाहिजे हेही तपासा. रक्कम, ती कशी काढली, कोणते आठवडे, ओव्हरपेमेंट का झालं आणि का वसूल करता येतं, कपातीने घेणार असाल तर आठवड्याला किती, आणि अपिलाचा हक्क. यातलं काही नसेल तर निर्णयाची कारणं लेखी मागवा. मुदतीच्या आत मागितलीत तर अपिलाची मुदत त्यामुळे पुढे जाते. पण या भरवशावर राहू नका. अपील आधी टाका, कारणं मागाहून आली तरी चालतं.

मुदत उलटली तरी दार बंद होत नाही. निर्णयापासून १३ महिन्यांच्या आत, उशीर का झाला हे सांगून अपील स्वीकारायला सांगता येतं. आजारपण, इस्पितळ, पत्र चुकीच्या पत्त्यावर जाणं ही कारणं चालतात. 'इंग्रजी समजलं नाही' हे एकटं कारण सहसा पुरत नाही.

काकांनी हप्ता कबूल केला तर अपिलाचा हक्क जातो का? जात नाही. पण हप्ता सुरू झाला की माणूस गप्प बसतो आणि महिना निघून जातो. फोनवर काहीही कबूल करू नका. 'अपील करतो आहोत, तोवर वसुली थांबवा' एवढंच सांगा, आणि तेही लेखी. अपील केल्याने वसुली आपोआप थांबेल असं कायद्यात नाही, पण मागितलं की बहुतेक काउन्सिल थांबवतात.

नदीकाठ

दोघांचेही खूप आभार. २६ आठवड्यांचं कुठेच वाचलं नव्हतं. आता दोन शंका. मुलाने भरायचं का? आणि काकांनी पेन्शन सर्व्हिसला सांगितलं होतं, मग चूक सरकारचीच नाही का? सगळी रक्कम माफ व्हायला नको?

तिसरा_बाक

मुलाचं आधी. वसुली कोणाकडून करायची हे नियमात ठरलेलं आहे: अर्जदार, ज्याच्या हातात पैसे दिले तो (इथे कदाचित घरमालक संस्था), किंवा ज्याने खोटी माहिती देऊन वा माहिती दडवून ओव्हरपेमेंट घडवलं तो. घरात राहतो म्हणून मुलगा देणेकरी होत नाही. त्याला प्रेमाने भरायचे असतील तर तो त्याचा प्रश्न, पण आकडा १,३९५ ठरेपर्यंत एक पेनीही भरू नये.

चुकीचा मुद्दा नाजूक आहे. नियमात 'ऑफिशियल एरर' म्हणतात तो असा: काउन्सिल, डीडब्ल्यूपी किंवा एचएमआरसीने (करखातं) केलेली चूक, आणि तिला अर्जदाराचा किंवा पैसे घेणाऱ्याचा हातभार लागलेला नसावा. वसुली टळते ती दोन अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच. ओव्हरपेमेंट त्या चुकीमुळे झालेलं असलं पाहिजे, आणि पैसे मिळताना किंवा त्याबद्दलचं पत्र मिळताना, हे जास्त आहेत असं अर्जदाराच्या लक्षात येणं अपेक्षित नसावं. कामाच्या वयातल्या लोकांसाठी हा नियम १००, पेन्शनवाल्यांसाठी ८१.

काकांची अडचण पहिल्याच अटीत आहे. घरात कोण राहतं हे काउन्सिलला कळवण्याची जबाबदारी अर्जदाराची, आणि ती काउन्सिलच्या बेनिफिट विभागाकडे. पेन्शन क्रेडिट मिळत असलं तरी नॉन-डिपेंडंटमधले बदल काउन्सिललाच सांगावे लागतात. पेन्शन सर्व्हिसने ते पुढे कळवलं नाही ही तिची चूक धरली, तरी काकांनी काउन्सिलला कळवलं नाही हेही कारण उरतंच. २००१ च्या केंब्रिजच्या सिअर प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने हेच धरलं होतं. एका खात्याने दुसऱ्याला कळवायचं राहिलं, तरी ओव्हरपेमेंटचं खरं कारण अर्जदाराने न कळवणं हेच, म्हणून वसुली योग्य. मुलाचं नाव मतदार यादीत होतं, काउन्सिल टॅक्सच्या फॉर्मवर होतं, यानेही काम होत नाही. काउन्सिल टॅक्सचा विभाग म्हणजे बेनिफिट विभाग नव्हे, छप्पर एकच असलं तरी.

म्हणून माझं मत: १,३९५ साठी 'ऑफिशियल एरर' हा मुख्य मुद्दा करू नका. दुय्यम म्हणून लिहा. मुख्य मुद्दा तारीख, दर आणि अटेंडन्स अलाउन्स. न्यायाधीशासमोर पक्का हिशेब आधी ठेवलेला बरा. कमजोर तक्रारीने सुरुवात केली की पुढचं सगळंच शंकेने ऐकलं जातं.

टाचणी

तिसऱ्या बाकाशी ९० टक्के सहमत. पण एक तपासल्याशिवाय तो मुद्दा सोडू नका: काउन्सिलला खरंच कधीच कळलं नव्हतं का? डीडब्ल्यूपीकडून काउन्सिलकडे काही माहिती संगणकावरून आपोआप जाते. काकांनी वार्षिक फॉर्म भरून दिला असेल, हाउसिंग असोसिएशनने घरातल्या लोकांची यादी पाठवली असेल, मुलाने काउन्सिलच्या खिडकीवर काही सांगितलं असेल. जुलै २०२४ मध्ये बेनिफिट विभागाला कळलं होतं आणि त्यांनी काहीच केलं नाही असं निघालं, तर त्यानंतरच्या आठवड्यांपुरता 'ऑफिशियल एरर' उभा राहतो.

हे शोधायला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट (स्वतःबद्दलच्या नोंदी मागण्याचा अर्ज) करा. फुकट असते, उत्तर एका महिन्यात यायला हवं. मोघम 'माझी सगळी माहिती द्या' न लिहिता मागा: एप्रिल २०२४ पासूनच्या फोनच्या नोंदी, स्कॅन केलेली पत्रं आणि फॉर्म, डीडब्ल्यूपीकडून आलेले संदेश आणि त्यांच्या तारखा, फाइलवरच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी, प्रत्येक आठवड्याचा बेनिफिटचा हिशेब. तशीच दुसरी रिक्वेस्ट डीडब्ल्यूपीला, काकांच्या फोनच्या नोंदीसाठी.

दुसऱ्या अटीबद्दलही एक गोष्ट. लोक 'आम्हाला शंका आली होती' असं भाबडेपणाने लिहून टाकतात. लिव्हरपूलच्या १९९० च्या ग्रिफिथ्स प्रकरणापासूनची कसोटी 'हे ओव्हरपेमेंट असू शकेल असं वाटलं का' ही नाही, 'हे ओव्हरपेमेंट आहे असं लक्षात यायला हवं होतं का' ही आहे. आणि ती त्या माणसाची भाषा, वय, मिळालेली पत्रं हे सगळं धरून लावायची. बेनिफिटच्या पत्रात 'घरातील इतर प्रौढ: नाही' असं छापलेलं असेल आणि ते काकांना वाचून समजत असेल, तर काउन्सिल तेच पत्र पुढे करणार.

जुनी_फाइल

पत्र कसं लिहावं असं दोघांनी निरोप पाठवून विचारलं आहे, म्हणून इथेच लिहितो. एक पान पुरे. वर अर्जदाराचं नाव, पत्ता, बेनिफिटचा क्लेम नंबर, नॅशनल इन्शुरन्स नंबर, निर्णयाची तारीख. सही काकांचीच हवी. दुसऱ्याने लिहून पाठवायचं असेल तर काकांच्या सहीचं अधिकारपत्र सोबत जोडा, नाहीतर अपील तांत्रिक कारणाने परत येतं.

मजकुराचा सांगाडा असा (इंग्रजीत लिहा):

"१२ मे २०२५ च्या निर्णयावर, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासूनच्या माझ्या हाउसिंग बेनिफिटच्या हक्काच्या निर्णयावर आणि ६,४७६.६० पाउंडांच्या वसूल करण्याजोग्या ओव्हरपेमेंटच्या निर्णयावर, मी अपील करतो आहे. कारणं: (क) माझा मुलगा १ एप्रिल २०२४ ला राहायला आला. पेन्शनवयाच्या नियमांतील नियम ५९ प्रमाणे कपात २६ आठवड्यांनंतर लागू होते. (ख) त्याचा ढोबळ साप्ताहिक पगार सुमारे ४१० पाउंड आहे, पेस्लिपा सोबत. (ग) माझ्या पत्नीला ६ जानेवारी २०२५ पासून अटेंडन्स अलाउन्स मिळतो, पत्र सोबत. त्या दिवसापासून कपात होऊ शकत नाही. (घ) ज्या काळाची मागणी आहे त्या काळात मला खरोखर जेवढा हक्क होता तेवढी रक्कम ओव्हरपेमेंटमधून वजा करावी. अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबवावी."

(घ) चा अर्थ: याला 'अंडरलाइंग एन्टायटलमेंट' म्हणतात. खरी परिस्थिती वेळेवर कळवली असती तर जेवढं बेनिफिट मिळालं असतं, तेवढं वजा करणं काउन्सिलवर बंधनकारक आहे. काउन्सिल 'माहिती उशिरा दिली' म्हणून हे नाकारू पाहते. ऐकू नका.

सोबत जोडायचं: सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ च्या पाच महिन्यांच्या पेस्लिपा, मुलगा कधी आला याचा पुरावा (आधीच्या भाडेकराराचा शेवट, बँकेत पत्ता बदलल्याचं पत्र), अटेंडन्स अलाउन्सचं पत्र. झेरॉक्सच पाठवा.

एक धोका सांगून ठेवतो. ट्रिब्युनल पूर्ण निर्णय नव्याने बघतं. मुलगा प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्येच आला होता असं निघालं तर तारीख मागे सरकते आणि रक्कम वाढूही शकते. तारखा पक्क्या करूनच लिहा.

शाईपेन

काही किरकोळ, पण पैशाच्या गोष्टी.

याच लिफाफ्यात काउन्सिल टॅक्सची वाढीव मागणी आली असेल. ती हाउसिंग बेनिफिटच्या अपिलात येत नाही, रस्ता वेगळा आहे. आधी काउन्सिलला लेखी हरकत, दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनल. उत्तर आल्यापासून दोन महिन्यांत तिथे जायचं. तिथली नॉन-डिपेंडंटची कपात काउन्सिलच्या स्वतःच्या योजनेप्रमाणे असते, पण पेन्शनवाल्यांसाठीची योजना सरकारने ठरवलेली आहे, आणि अटेंडन्स अलाउन्सची सूट तिथेही आहे.

पत्रात ५० पाउंडांचा दंड असेल तर तो 'सिव्हिल पेनल्टी', निष्काळजीपणाबद्दलचा. त्याच्यावरही अपील करता येतं, वेगळं लिहा. याउलट, 'इंटरव्ह्यू अंडर कॉशन' असे शब्द असलेलं पत्र आलं तर गोष्ट फौजदारीकडे चालली आहे. वकिलाशी बोलल्याशिवाय तिथे जाऊ नका, फोनवरही काही सांगू नका. मुलगा सोबत जाऊन 'समजावून सांगतो' हा सगळ्यात वाईट उपाय.

पेन्शन क्रेडिटचं पत्रही उघडून बघा. त्यात 'सिव्हिअर डिसेबिलिटी'ची जादा रक्कम असेल, तर मुलगा घरात असल्याने ती बहुधा देय नाही, आणि तिकडूनही ओव्हरपेमेंट निघेल. ते डीडब्ल्यूपीला आधीच कळवलेलं बरं. काकांच्या फोनची नोंद तिथे कामाला येईल.

नदीकाठ

पत्र पाहिलं, ती जादा रक्कम नाही. बरं झालं सांगितलंत. समजा शेवटी १,३९५ द्यावेच लागले, तर एकरकमी मागतील का?

शाईपेन

मागतील, पण देणं बंधनकारक नाही. काकांचं हाउसिंग बेनिफिट चालू आहे तर त्यातूनच आठवड्याला कापून घेणं ही नेहमीची पद्धत. त्याला मर्यादा आहे: २५ वर्षांवरच्या एकट्या माणसाच्या मूळ भत्त्याच्या ५ टक्क्यांची तिप्पट. २०२५-२६ मध्ये ते आठवड्याला जेमतेम १४ पाउंड होत होते. फसवणूक सिद्ध झाली असेल तर पाचपट. आणि हे कमाल आहे, किमान नाही. औषधं, हीटिंग, जेवणाचा खर्च दाखवणारं जमाखर्चाचं पान पाठवून ५ पाउंडांवरही आणता येतं. मात्र हे विसरू नका की कापलेले १४ पाउंड घरमालकाला मिळत नाहीत. ते काकांनी स्वतः भरायचे, नाहीतर भाडं थकतं.

बेनिफिट बंद झालेल्यांकडून दुसऱ्या मार्गांनी घेतात. कामाच्या वयातल्यांना मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिटमधून (३० एप्रिल २०२५ पासून सगळ्या कपाती मिळून मूळ भत्त्याच्या १५ टक्क्यांपर्यंत, आधी २५ होत्या), किंवा कोर्टात न जाता थेट पगारातून. पगाराच्या साध्या दरात निव्वळ महिना ४३० पाउंडांपर्यंत काही नाही, पुढे ३ टक्क्यांपासून चढत २,२४० च्या वर २० टक्के. सगळ्या कपाती मिळून निव्वळ पगाराचा ६० टक्के भाग हातात राहिलाच पाहिजे.

आणि हो, 'सहा वर्षं झाली, आता काही करू शकत नाहीत' हे अर्धसत्य आहे. इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षांनंतर कोर्टात दावा लावता येत नाही, पण बेनिफिटमधून कापायला कालमर्यादा नाही.

तिसरा_बाक

एक जोड. वसूल करायचंच की नाही, हा काउन्सिलचा अधिकार आहे, कर्तव्य नाही. १९९२ च्या कायद्यात कलम ७५ मध्ये तसं आहे. वसूल करता येण्याजोगी रक्कमही ती अंशतः किंवा पूर्ण सोडू शकते. आजारपण, वय, कर्ज यांचे कागद लावून स्वतंत्र पत्राने मागा. याच्यावर अपील नसतं. उत्तरच आलं नाही किंवा विचार न करता नाकारलं, तर काउन्सिलकडे तक्रार, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा लोकपाल). 'परवडत नाही' हा मुद्दा ट्रिब्युनलसमोर मांडण्यात वेळ घालवू नका, त्यांना तो अधिकारच नाही.

मुळशीचा_पाऊस

धाग्याला थोडं फाटा फोडतो, क्षमस्व. पेन्शनवयाच्या बाईंना हाउसिंग बेनिफिट होतं, पेन्शन क्रेडिट नाही. आता काउन्सिल म्हणते साताऱ्याजवळच्या वडिलोपार्जित घरात त्यांचा हिस्सा आहे, तो १६,००० पाउंडांच्या वर, म्हणून चार वर्षांचं सगळं बेनिफिट परत. घरात त्यांचा ७५ वर्षांचा भाऊ राहतो. तीन भावंडं, वाटणी झालेली नाही.

टाचणी

भाऊ राहतो हेच उत्तर आहे. अर्जदाराचा नातेवाईक पेन्शन क्रेडिटच्या वयाचा असेल किंवा अपंग असेल आणि ते घर त्याचं राहतं घर असेल, तर ते घर भांडवलात धरायचंच नाही. घर भारतात आहे म्हणून हा नियम बदलत नाही. भावाचं आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, त्या पत्त्याचं वीजबिल, आणि जन्मतारखेचा पुरावा लावा. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा, ते काउन्सिलने करून घेण्याची वाट बघू नका.

हा मुद्दा अडलाच तर पुढचा: किंमत कशाची धरली? बाहेरदेशातल्या मालमत्तेची किंमत त्या देशात येणारा भाव, वजा बोजा, वजा विक्रीच्या खर्चापोटी १० टक्के. आणि धरायचा तो अविभक्त हिश्श्याचा भाव, संपूर्ण घराच्या किमतीचा एक तृतीयांश नव्हे. भाऊ राहत असलेल्या, वाटणी न झालेल्या घराचा एक हिस्सा बाहेरचा कोण घेणार? तिथल्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून नेमका हाच प्रश्न विचारून लेखी अहवाल घ्या. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, वारसनोंदीचा फेरफार, तिन्ही भावंडांची नावं दिसतील असे उतारे लावा. काउन्सिलने संकेतस्थळावरचा चौरस फुटाचा भाव गुणून पाठवला असेल तर तो पुरावा टिकत नाही.

जुनी_फाइल

आणि चार वर्षांचं आहे म्हणून 'डिमिन्युशन ऑफ कॅपिटल' मागा. भांडवलामुळे झालेलं ओव्हरपेमेंट १३ आठवड्यांहून जास्त काळाचं असेल, तर दर १३ आठवड्यांनी, तोवर जास्त गेलेली रक्कम भांडवलातून वजा झाली असं मानून पुढचा हिशेब करायचा. समजा हिस्सा १८,००० चा धरला आणि बेनिफिट आठवड्याला १२० पाउंड. पहिल्या १३ आठवड्यांत १,५६० जातात, उरले १६,४४०. पुढच्या १३ नंतर १४,८८०, म्हणजे १६,००० च्या खाली. सहा महिन्यांनंतर बेनिफिट पूर्ण बंद न होता फक्त कमी होतं. पेन्शनवयात १०,००० च्या वरच्या प्रत्येक ५०० मागे आठवड्याला १ पाउंड उत्पन्न धरतात, म्हणजे १४,८८० ला १० पाउंड. चार वर्षांची रक्कम यात कोसळते. हिशेबाच्या तक्त्यात ही १३ आठवड्यांची पायरी दिसत नसेल तर तो केलेलाच नाही असं समजा.

नदीकाठ

शेवटचं. सुनावणी झालीच तर काकांना इंग्रजीत बोलणं जड जाईल.

तिसरा_बाक

मराठी दुभाषी ट्रिब्युनल फुकट देतं. अपिलातच मागा आणि ट्रिब्युनलकडून येणाऱ्या फॉर्मवर पुन्हा लिहा. नाहीतर हिंदीचा माणूस येतो आणि तारीख पुढे ढकलावी लागते. मुलाला दुभाषी म्हणून चालवून घेत नाहीत, तो साक्षीदार आहे. तो पगाराबद्दल आणि राहायला आल्याच्या तारखेबद्दल सांगेल. काउन्सिलचं लेखी म्हणणं आणि सगळी कागदपत्रं एका गठ्ठ्यात आधी घरी येतात. त्यात प्रत्येक आठवड्याचा तक्ता असतो. तिथे ३० सप्टेंबर आणि ६ जानेवारी या दोन ओळींवर खूण करून घेऊन जा.

फी नसते, हरलात तरी काउन्सिलचा खर्च अंगावर येत नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा एज यूके या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांकडे वेळ आत्ताच मागून ठेवा. १२ जूनच्या आत मिळेल याची खात्री नाही, त्यामुळे अपील त्यासाठी अडवू नका.